पाच खांब

विनिताने विटेच्या तुकड्याने स्लॅबवर रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवून म्हणाली, "आत्ता सावली इथपर्यंत आहे. तुमचा चहा होईस्तोवर बघा कुठे जाते."

हर्षवर्धनने मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता थांबून रेघेकडे पाहिलं. गोखिवऱ्याच्या एका सोलर कंपनीचा हा तरुण सकाळपासून त्यांच्या नव्या घराच्या गच्चीवर मापं घेत होता. चहा थर्मासमधला होता, कारण घरात अजून शेगडी आली नव्हती आणि वीज तर नव्हतीच. भिंती होत्या, खिडक्या होत्या, गच्चीला कठडा मात्र व्हायचा होता. म्हणून विनिताने ओढणीचं एक टोक दोन वर्षांच्या वेदांतच्या कमरेला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"वासरू बांधलंयस का?" स्वरूपने, तिच्या नवऱ्याने, कप तिच्या हातात देताना विचारलं.

"वासराला कळतं तरी, कडा कुठे आहे ते."

चहा संपला. सावली रेघ ओलांडून वीतभर पुढे गेली होती. ती तीन माडांची होती, आणि आता तिच्या झावळ्यांचे दात गच्चीच्या मध्यापर्यंत पोचले होते.

"मे महिन्यात बघून गेलो तेव्हा नव्हती ही," हर्षवर्धन म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला.

"मे महिन्यात ऊन डोक्यावर असतं. आता पौष आहे, सूर्य दक्षिणेला कलतो. दर रविवारी याची गोधडी उन्हात टाकते मी इथे. दिवाळीपासून गोधडी सरकवत सरकवत आता त्या कोपऱ्यात गेलीय."

पदार्थविज्ञानाची पदवी घेतली तेव्हा तिला वाटलं नव्हतं, की ती गोधड्या वाळवायला उपयोगी पडेल.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. पॅनल वाढवू. नाहीतर एक सिम्पल गोष्ट आहे," हर्षवर्धनने माडांकडे हात केला. "त्यातले दोन काढले की विषयच संपला."

 स्वरूपने कपाच्या तळाशी राहिलेले चहाचे थेंब कडेवरून खाली झटकले. माड कुंपणापलीकडचे होते, चंद्रहासकाकांच्या वाडीतले.

"आणि श्रावणात?" विनिताने विचारलं. "चार-चार दिवस ऊन पडलं नाही तर?"

"दोन दिवस बॅटरी काढते. फ्रीज, मिक्सर जरा सांभाळून वापरायचा."

"मला फ्रीजचं काही नाही. याचं वाफेचं मशीन चाललं पाहिजे. तिसऱ्या दिवशी चालेल का?"

हर्षवर्धनने वेदांतकडे पाहिलं. तो डब्याचं झाकण स्लॅबवर आपटत होता. "छोटा जनरेटर ठेवा ना बॅकअपला," तो म्हणाला, आणि ते उत्तर त्यालाही पटलं नसावं, कारण त्याने लगेच मोजपट्टी पिशवीत टाकली.

वेदांतला बाळदमा होता. गोखिवऱ्यात ते भाड्याने राहत, तिथे खालच्या गाळ्यात दिवसभर लाकूड कापलं जायचं आणि खिडक्या बंद ठेवल्या तरी दुधाच्या पातेल्यावर भुसा दिसायचा. "याला धुळीतून बाहेर काढा, निम्मं औषध तेच," असं डॉक्टर म्हणाले होते. वसईतल्या गिरीज गावात स्वरूपच्या वडिलांच्या वाटणीचा वाडीचा तुकडा पडून होता. केळी, माड, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं लहान तळं. दागिने आणि कर्ज मिळून तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या. वेदांत इथे आला की रविवारभर खोकत नसे. विनिता तरी त्याच्या पाठीवर तळवा ठेवून बघायची. ती सवयच झाली होती, कुणी देव्हाऱ्यासमोरून जाताना हात जोडावा तशी.

अडलं होतं ते विजेपाशी. वीज कंपनीचे साहेब येऊन गेले होते. रस्त्यापासून घरापर्यंत पाच नवे खांब घालावे लागतील, आणि त्यांचा खर्च मागणाऱ्याने द्यायचा, असा अंदाज त्यांनी काढला. तो आकडा वाचून स्वरूप हसला होता. स्लॅबला एवढे लागले नव्हते. तेव्हापासून त्याच्या डोक्यात सोलर बसलं होतं. तो म्हणायचा, "खांब नको, वायर नको. आपलं ऊन, आपला दिवा. कुणाच्या दारात जायला नको."

त्यातलं शेवटचं वाक्यच खरं, हे विनिताला कळत होतं.

हर्षवर्धनला रिक्षापर्यंत सोडायला स्वरूप मोटरसायकल घेऊन गेला. गेला तो नेहमीसारखा मागच्या वाटेने, चर्चच्या बाजूने, लांबून. जवळची वाट काकांच्या अंगणातून होती. पंधरा वर्षांपूर्वी स्वरूपच्या वडिलांना बावखल बुजवून जागा विकायची होती, आणि काका, त्यांचे चुलतभाऊ, कोयता घेऊन पाण्याच्या काठावर उभे राहिले होते. बावखल वाचलं. स्वरूपचे वडील बायकामुलाला घेऊन गोखिवऱ्याला गेले ते कायमचे. ते वारले तेव्हा काका तेराव्याला आले, दारातच बसले, आणि गोड जेवण न जेवता उठून गेले. त्यानंतर दोन्ही घरांमध्ये शब्द नव्हता. लग्न होऊन आलेल्या विनिताने हे सगळं ऐकलं होतं ते सासूबाईंकडून. स्वरूप या विषयावर बोलतच नसे.

तिने वेदांतची गाठ सोडली, त्याला कडेवर घेतलं आणि खाली उतरली. माडांच्या शेंड्यांकडे पाहत ती थोडा वेळ उभी राहिली. सावली त्यांची, गच्ची आपली. वीज घ्यायची तर वायर त्यांच्या वाडीला वळसा घालून आणायची, आणि ऊन घ्यायचं तरी ते त्यांच्याच माडांमधून येणार. जिकडून जावं तिकडे काकांचं अंगण आडवं येत होतं.

कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट होती. ती त्या फटीतून पलीकडे गेली.

"फटीतून का?" समोरून आवाज आला. "पुढच्या दाराला काय काटे आहेत?"

नर्मदाकाकी पानवेलीपाशी उभ्या होत्या. अंगठ्यात पत्र्याची नखी घालून त्या विड्याची पानं खुडत होत्या आणि डावीकडच्या टोपलीत पालथी टाकत होत्या. वेल एका सरळसोट बुंध्यावर चढली होती, इतकी दाट की बुंधा कसला ते दिसत नव्हतं. जरा पलीकडे काका जमिनीवर बसून केळीच्या लोंगराच्या, अख्ख्या घडाच्या, फण्या कोयत्याने सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वर्षभर भिंती वाढताना बघतोय आम्ही," काकी म्हणाल्या. "सून दिसते, गोधडी दिसते. बोलणं मात्र माडावरच्या पोपटाशी."

"तुम्ही तरी कुठे बोललात काकी?"

काकींनी खुडायचं थांबून तिच्याकडे पाहिलं. मग काकांकडे वळून वाडवळी बोलीत काहीतरी म्हणाल्या. आपसात ती दोघं वाडवळीतच बोलत, तिच्याशी मात्र शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी. काका नुसतेच "हं" म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

विनिता माडांचं बोलायला आली होती. वाक्य तिने पायऱ्यांवरच जुळवलं होतं. 'काका, एक विनंती होती' इथून ते सुरू होत होतं. आता ते तोंडात येईना. वेदांत तिच्या खांद्यावर खोकला, दोनदा, कोरडा.

"छातीत भरतं का याच्या?" काकींनी विचारलं.

"दमा आहे. धुळीने होतो. इथे बरा असतो, पण कधी कधी वाफ द्यावी लागते. मशीनवर. लगेच द्यावी लागते, थांबून चालत नाही." तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. "विजेचं जमल्याशिवाय त्याला इथे आणायला भीती वाटते मला."

"मग घ्या की वीज," काका पहिल्यांदाच बोलले. "कुणी नको म्हटलंय?"

"पाच खांब लागतात म्हणाले, काका. खर्च आमचा."

"किती?"

"पाच."

"कुठून?"

"रस्त्यापासून. साहेब स्वतः मोजून गेले."

काकांनी हातातली फणी खाली ठेवली. "कुठल्या वाटेने आला होता तुमचा साहेब?"

"स्वरूपने आणलं त्यांना. मागून, चर्चच्या बाजूने."

काकांनी काकींकडे पाहिलं. काकी पानं खुडत राहिल्या, पण नखी एकाच देठाला दोनदा लागली. मग काका उठले, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. पानवेलीपाशी आले. हातातल्या कोयत्याची मूठ त्यांनी पानांच्या आत घालून ठोकली.

लाकडाचा आवाज आला नाही. दगडावर दगड आपटावा तसा आला.

"वर बघ," काका म्हणाले.

विनिताने वर पाहिलं. पानवेल डोक्याच्या दीडपट उंचीपर्यंत होती. तिथे ती कात्रीने कापल्यासारखी गोल कापली होती. त्याच्यावर राखाडी सिमेंट होतं. त्याच्याही वर लोखंडी पट्टी, चिनीमातीची दोन पांढरी बोंडं आणि वायरी. वायरींवर एक कावळा बसून तिच्याकडेच बघत होता. गच्चीवरून हा खांब माडांच्या झावळ्यांत लपायचा, पण त्या कावळ्याला तिथून त्यांची गच्ची समोरच दिसत असणार. विटेची रेघसुद्धा दिसेल असं तिला वाटलं.

"पंपाची लाइन आहे. कंपनीचाच खांब," काका म्हणाले. "इथून तुमच्या भिंतीला एक वायर ओढली की झालं. पाच कशाला, अर्धा खांबसुद्धा लागायचा नाही."

"वायरीला लागू देत नाही मी वेल," काकी घाईने म्हणाल्या, जणू कुणी आळ घेतला होता. "दर पंधरा दिवसांनी छाटते. रिकामा खांब बघवत नाही, म्हणून लावली."

विनिताला हसू आलं. ते थांबेना. वेदांतही तिच्याकडे बघून हसायला लागला, आणि काकी म्हणाल्या, "हसते काय, वेडी की काय?" आणि त्याही पदर तोंडावर नेऊन हसल्या. विनिताने ओढणीने डोळे पुसले तेव्हा तिला कळलं की डोळे हसण्याने ओले झाले नव्हते.

"काका, मी खरं तर..." ती म्हणाली. "मी माडांचं विचारायला आले होते. सोलरवर सावली येते म्हणून. दोन काढता येतील का, असं."

"माड काढायचे?" काकांनी कोयता अंगणातल्या ओंडक्यात रोवला. "आणि हे विचारायला कडेवर पोर घेऊन आलीस? मला ठाऊक आहे, पोर बघून माणूस नाही म्हणत नाही. हुशार आहेस."

"नाही हो काका."

"माड राहतील. खांब घ्या. संमती हवी ती लिहून देतो." ते पुन्हा लोंगराजवळ बसले. "एकच. साहेबाला पुढून आणायचं. या अंगणातून. आणि आणायचं ते त्याने, तू नाही."

काकींनी पानांची एक चळत केळीच्या पानात गुंडाळून विनिताच्या हातात दिली. ती निघाली तशी त्या म्हणाल्या, "पुढच्या दाराने जा आता."

स्वरूप परतला तेव्हा ती घराच्या पायरीवर बसली होती. तिने त्याला सगळं सांगितलं. खांब, पंपाची लाइन, एक वायर, संमती, आणि अट. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिला तो चकित होताना बघायचं होतं. स्वरूप पाण्याच्या पिंपापाशी जाऊन हात धुऊ लागला. हाताला काही लागलेलं नव्हतं. तो बराच वेळ धूत राहिला.

"सोमवारी बोलावतो साहेबांना," तो शेवटी म्हणाला.

"पुढून?"

"पुढून."

सोमवारी विनिता वेदांतला घेऊन गच्चीवरून बघत होती, ओढणी बांधून. काकांच्या फाटकापाशी मोटरसायकल थांबली. मागे बसलेले साहेब उतरले, फाईल बगलेत धरून उभे राहिले. स्वरूप उतरेना. तो आरसा पुसत होता, मग स्टँड लावून पाहत होता, मग काढून पुन्हा लावत होता. काका अंगणात खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी हाक मारली नाही की उठलेही नाहीत. विनिताने ओढणीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

मग काकांचा आवाज आला. "गाडी आत घे. सीट तापेल उन्हात."

स्वरूपने गाडी आत घेतली.

साहेबांनी खांब पाहिला, वेलीत हात घालून पत्र्यावरचा आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला. "आहे, आहे. हा आमच्या नकाशात होता. मी समजलो बावखलापलीकडचा," ते म्हणाले. आणि काकींनी दिलेलं पान तोंडात घालून म्हणाले, "बाई, वेल मात्र उतरवायला लागेल. कंपनीच्या खांबावर चालत नाही."

"पंधरा वर्षांत कुणी नाही म्हणालं," काकींनी सांगितलं. "पान कसं आहे?"

"पान चांगलं आहे."

"मग?"

साहेबांनी फाईल उघडली आणि वेलीचा विषय पुन्हा काढला नाही. पण पुढच्या आठवड्यात काकींनी स्वतःच वेल निम्म्यावर आणली.

हर्षवर्धनचं काम अगदीच गेलं नाही. माडांची सावली जिथे कधीच पोचत नव्हती त्या उत्तरेच्या कडेला दोन पॅनल बसले, आणि आतल्या भिंतीत, वेदांतचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक लहान बॅटरी. वाफेचं मशीन, एक पंखा, एक दिवा, एवढ्यापुरती. वीज येत-जात राहणार हे वसईत कुणाला सांगावं लागत नाही. "लहान ऑर्डर झाली मॅडम," तो म्हणाला, मग गच्चीवर पाहून हसला. "तुमची रेघ अजून आहे."

फाल्गुनातल्या एका दुपारी वेदांतला वाफ द्यावी लागली. तो विनिताच्या मांडीवर होता, तोंडाला मास्क, डोळे अर्धे मिटलेले. मशीन एकसुरात घरघरत होतं. अचानक बाहेरचं सगळं थांबलं. काकांचा पंप, चर्चच्या बाजूला चालणारं वेल्डिंग, कुणाचा तरी रेडिओ. वाडीभर शांतता पसरली, आणि त्या शांततेत मशीन तसंच घरघरत राहिलं. एकदाही अडखळलं नाही. डोक्यावरचा पंखा फिरत होता. विनिताने बटणाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला तळवा वेदांतच्या पाठीवर नाही. तो कधीचा बाजूला जमिनीवर रिकामा पडला होता.

वाफ संपून वेदांत झोपला, तेवढ्यात पुढच्या दारात खाकरणं ऐकू आलं.

"तुमचा पंखा फिरतो म्हणे," काका म्हणाले. त्यांच्या मागे काकी होत्या, हातात पानांची चळत. "आमचा गेला. बघायला आलो, खरंच फिरतो का."

"या ना काका. बसा."

"फुकटचा वारा आहे, तर घेतो," असं म्हणत ते बरोबर पंख्याखाली बसले. स्वरूप रविवारच्या सुट्टीचा घरीच होता. तो खिडकीत केळं सोलत बसला होता. तो उठला, सोललेलं केळं काकांच्या हातात दिलं आणि पुन्हा जागेवर गेला. दोघांत एवढंच झालं. पंखा फिरत राहिला.

"निम्मी कापल्यावर जास्त फुटलीय वेल," काकी म्हणाल्या. "चांगला कोंब होता तो. जोराचा."

"पाऊस नव्हता त्या वर्षी, तरी धरला," काका म्हणाले. त्यांनी केळ्याचा घास घेतला. "हा तेव्हा दहावीत होता. ही खड्डा खणत होती, आणि हा कोंब धरून उभा. खांबाला बांधून देणारा हाच."

विनिताने स्वरूपकडे पाहिलं. तो दुसरं केळं सोलत होता. साल एकदम लांब, तळापर्यंत, तुटू न देता. तिला तो पिंपापाशी हात धुताना आठवला. चर्चच्या बाजूने, लांबून, साहेबांना हाताला धरून आणावं तसा फिरवून आणणारा. पाच खांबांच्या आकड्याला हसणारा. आपलं ऊन, आपला दिवा.

काकी बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं की काहीतरी बोलायचं नव्हतं ते बोललं गेलं. काका मात्र केळं खात होते.

विनिताने वेदांतला खांद्यावर घेतलं. किती प्रश्न विचारता आले असते. ती प्रश्न विचारणारी होती, सगळ्यांना माहीत होतं.

"बांधलीस कशाने?" तिने विचारलं.

स्वरूपने मान वर केली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याचे खांदे जरासे खाली आले.

"केळीच्या सोपटाने," तो म्हणाला. "ओलं करून घ्यायचं आधी. कोवळ्या वेलीला काचत नाही."